हद्दीच्या पलीकडचा बार : भुसावळच्या एका वस्तीचं प्रकरण

भुसावळ नगरपालिकेची हद्द संपते आणि शेजारच्या ग्रामपंचायतीची सुरू होते, तिथल्या एका वस्तीत महामार्गापासून जेमतेम शंभर पावलांवर एक परमिट रूम होती. एप्रिल 2017 मध्ये ती पहिल्यांदा बंद झाली, पुढच्या वर्षी पुन्हा उघडली आणि मार्च 2020 मध्ये कायमची मिटली. आज त्या हॉलमध्ये टाइल्सचं गोदाम आहे. वस्तीत पत्ता सांगताना मात्र अजून 'जुन्या बारच्या मागची गल्ली' असंच सांगतात आणि रिक्षावाल्याला तेवढं पुरतं.

बारचं नाव इथे देत नाही, मालकांच्या घरच्यांची तशी इच्छा आहे. मी याच वस्तीत राहतो. मालक, त्यांचा मॅनेजर, नेहमीची गिऱ्हाइकं आणि त्यांच्या घरातल्या बायका यांच्याशी बोलून हे प्रकरण मांडतो आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बार गेला म्हणून इथली दारू कमी झाली नाही. पिणाऱ्यावर नजर ठेवणारा माणूस तेवढा गेला आणि त्याची जागा आजवर कुणी घेतलेली नाही.

वस्ती कशी झाली

भुसावळ रेल्वेचं गाव. मध्य रेल्वेच्या विभागाचं मुख्यालय इथे, इंजिनांची शेड इथे, शिकाऊ कर्मचाऱ्यांचं मोठं प्रशिक्षण केंद्रही इथेच. शिवाय भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणी, आणि दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र. नोकरी असेपर्यंत राहायला क्वार्टर मिळतं, निवृत्तीनंतर ते सोडावं लागतं. मग माणूस आयुष्यभराच्या फंडातून प्लॉट घेतो. गावात भाव परवडत नाही, म्हणून हद्दीबाहेर जिथे शेतं एनए (बिगरशेती) होऊन प्लॉट पडलेले असतात तिथे जातो. आमची वस्ती अशीच भरत गेली. शेजारी-शेजारी राहणारी घरं एका गावची नव्हती. कुणी रावेर-यावलकडचं लेवा बोली बोलणारं, कुणी साक्री-शिरपूरकडचं अहिराणी बोलणारं, कुणी मलकापूर-अकोल्याकडचं, कुणी बऱ्हाणपूरहून आलेलं. जुन्या गावात पार असतो, मारुतीचं देऊळ असतं, भाऊबंदकी असते. इथे नकाशावर 'खुली जागा' म्हणून सोडलेला एक भूखंड होता आणि त्यावर वेड्या बाभळी.

बार तेव्हापासूनचा. मालक मूळचे शेतकरी, केळीवाले. महामार्गालगतची आपली जमीन प्लॉटमध्ये गेल्यावर त्यांनी कोपऱ्याचा तुकडा ठेवून घेतला आणि तिथे हॉटेल काढलं, मग परवाना मिळवला. सगळे त्यांना जिभाऊ म्हणत. पण बार चालवला तो त्यांच्या मॅनेजरने. धुळ्याकडचा माणूस, अखेरपर्यंत अहिराणी बोलणारा. त्याला सगळे आप्पा म्हणत.

आत काय होतं

दहा-बारा टेबलं, खस लावलेले दोन मोठे कूलर, गल्ल्यामागे तुळजाभवानीचा फोटो. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. दुपारी घरात थांबवत नाही अशा दिवसांत तो हॉल वस्तीतली सगळ्यात गार जागा असे. कूलरजवळची दोन टेबलं निवृत्तांची. त्यात गार्ड होते, लोको पायलट होते, एक हेडक्लार्क होते. हेडक्लार्क फक्त सोडा घेत. त्यांच्याकडे नवी पोरं म्युच्युअल ट्रान्सफरचा अर्ज घेऊन येत, कुणी पेन्शनच्या कागदातली चूक दाखवायला येई, कुणाला मुलीच्या सासरी पाठवायचं पत्र लिहून हवं असे. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात होत नव्हती इतकी कागदपत्रं त्या टेबलावर होत.

चखना म्हणजे उकडलेले शेंगदाणे, कांदा, लिंबू. जेवणात शेवभाजी, आणि थंडीत भरीत. हे भरीत खास सांगायला हवं, कारण त्याच्यामुळे बारचा वस्तीतल्या बायकांशी संबंध होता. स्वयंपाकघराला मागच्या गल्लीत एक खिडकी होती. बामणोदची वांगी काटक्यांवर भाजून, बडग्याने ठेचून केलेलं भरीत आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या त्या खिडकीतून पार्सल मिळत. बारच्या पुढच्या दाराकडे ढुंकूनही न बघणाऱ्या बायका डबा घेऊन मागच्या खिडकीशी उभ्या राहत. तिथे आचाऱ्याशी बोलता बोलता आपला नवरा आत आहे का, कितव्यावर आहे, हेही त्यांना कळे. आप्पाला ते ठाऊक होतं आणि त्याने ती खिडकी कधी बंद केली नाही.

आता आप्पाच्या वहीकडे येतो, कारण या प्रकरणाचा गाभा तीच आहे.

उधारी प्रत्येक बारमध्ये असते. आप्पाच्या वहीत मात्र नाव आणि रक्कम यांच्या शेजारी आणखी एक रकाना होता, पेन्सिलीने लिहिलेला. त्यात वेळ असे. रेल्वेच्या रनिंग स्टाफला, म्हणजे गाडीवर काम करणाऱ्यांना, ड्युटीवर यायचा 'कॉल' येतो आणि ड्युटीआधीच्या आठ तासांत दारूला बंदी असते. लॉबीत हजेरी लावताना ब्रीदॅलायझरची फुंकर मारावी लागते. त्यात सापडला तर माणसाची नोकरी धोक्यात, आणि त्याच्यामागे गाडीत बसलेल्या शेकडो माणसांचा जीव. म्हणून गाडीवरचा माणूस टेबलाशी बसला की आप्पाचा पहिला प्रश्न, "दादा, कॉल कितला वाजता शे?" उत्तर वहीत. वेळ जवळ असेल तर टेबलावर जेवण येई, बाटली येत नसे. कुणी आवाज चढवला तरी आप्पा हसून म्हणे, "आज जेवा, सकाळ या." ती वही मी पाहिली आहे. मालकांच्या मुलाने जपून ठेवली आहे. पानांच्या कडा तेलाने पारदर्शक झाल्यात आणि पेन्सिलीचा रकाना पुसट झालाय, पण वाचता येतो. एका पानावर एका नावापुढे रक्कमच नाही, नुसती वेळ आहे आणि पुढे 'जेवण'.

असा रकाना ठेवायला आप्पाला कोणत्याही कायद्याने सांगितलेलं नव्हतं. कायद्याने परमिट बघायचं असतं, एक दिवसाच्या परमिटची पावती फाडायची असते, वय बघायचं असतं. महाराष्ट्रात बियरला 21 आणि कडक दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात. वय आप्पा कागदावर बघत नसे, कारण वस्तीतला प्रत्येक पोरगा कुणाचा आणि कितवीत आहे हे त्याला पाठ होतं. आयटीआयची पोरं त्याच्या दारातून परत फिरत. ती हायवेच्या दुसऱ्या ढाब्यावर जात हेही खरं. पण घरापासून शंभर पावलांवर त्यांना कुणी दिली नाही.

500 मीटर

15 डिसेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांच्या कडेपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको. अंमल 1 एप्रिल 2017 पासून. निकालामागचं कारण पटण्यासारखं होतं. 2015 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1 लाख 46 हजारांहून जास्त माणसं मेली होती. हायवेलगत ट्रक उभा करून पिणारा ड्रायव्हर पुन्हा स्टीअरिंगवर बसतो, हे आमच्या रस्त्यावरही रोज दिसत होतं. सुरत-धुळे-जळगाव-अकोला-नागपूर असा हा महामार्ग, जुना क्रमांक 6, आताचा 53.

31 मार्च 2017 ला न्यायालयाने दोन गोष्टी आणखी सांगितल्या. वीस हजार किंवा त्याहून कमी लोकसंख्येच्या भागात अंतर 220 मीटर धरावं. आणि ज्यांच्या जुन्या परवान्याची मुदत 31 मार्चच्या पुढे आहे, त्यांना ती संपेपर्यंत, फार तर 30 सप्टेंबरपर्यंत चालवता येईल. आपल्याकडे परवान्याचं वर्षच 31 मार्चला संपतं, त्यामुळे या सवलतीचा इथे उपयोग झाला नाही. अंतर 500 धरा नाहीतर 220, शंभर पावलांवरचा बार दोन्हींत बसला. नव्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या दिवशी शटर उघडलं नाही.

आमच्या वस्तीचं खरं दुर्दैव जुलैत झालं. 11 जुलै 2017 च्या आदेशात न्यायालयाने स्पष्ट केलं की महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीतल्या परवानाधारकांना ही बंदी लागू नाही. भुसावळ गावातले बार उघडायला लागले. आमच्या बारपासून नगरपालिकेची हद्द दिसते. मधे नाला आणि दोन प्लॉट. घरपट्टी ग्रामपंचायतीची, बाजार, शाळा, दवाखाना, सगळं आयुष्य भुसावळचं. शहर म्हणावं तर कागद नाही, खेडं म्हणावं तर शेत नाही. असे भाग जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कडेला गेल्या पंचवीस-तीस वर्षांत किती उभे राहिले ते कुणीही हायवेने जाताना पाहावं. दिवे, गटार, पाणी यांच्यासाठी जो भाग दोन्हीकडून टोलवला जातो, तो या बाबतीतही टोलवला गेला. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त टोचतं ते हे.

23 फेब्रुवारी 2018 ला न्यायालयाने शहरांलगतच्या अशा भागांचा निर्णय राज्यांवर सोपवला. मग राज्याचे निकष, अर्ज, मोजणी, अहवाल. बार उघडला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं.

वर्षभरात काय झालं

बारची बहुतेक गिऱ्हाइकं पायी येणारी होती. ट्रकवाले थांबत, पण थोडे. पुढे ढाबे होते. बंदीनंतर पायी येणारी माणसं मोटारसायकलवर गावातल्या बारमध्ये जाऊ लागली आणि रात्री त्याच महामार्गाने परत येऊ लागली. ज्या धोक्यासाठी निकाल झाला होता, तोच धोका आमच्या वस्तीपुरता उलटा वाढला. जुलैपासून तर रोजचं झालं. त्या पावसाळ्यात वस्तीतले एक निवृत्त फिटर नाल्याच्या पुलाजवळ गाडीवरून पडले. वाचले, पण पाय कायमचा गेला. पूर्वी ते लुंगीवर, चालत बारला जात.

बाकीच्यांनी दुसरी वाट काढली. गावातून दारूची क्वार्टर (छोटी बाटली) खिशात घालून आणायची आणि खुल्या भूखंडावर बाभळीआड बसायचं. तिथे टेबल नाही, जेवण नाही, वही नाही. क्वार्टर फोडली की संपवायचीच. आप्पाकडे नव्वद मिली मागणाऱ्याला नव्वदच मिळे आणि दोन नव्वदांच्या मधे अर्धा तास गप्पांचा असे. भूखंडावर मधे काही नव्हतंच. आणि ज्या पोरांना आप्पा दारातून फिरवायचा, ती आता त्याच बाभळीआड मोठ्यांच्या शेजारी बसू लागली. सकाळी क्रिकेट खेळायला आलेल्या लहान मुलांच्या पायाला काचा लागू लागल्या, तेव्हा वस्तीला प्रश्न कळला.

2018 मध्ये बार उघडला खरा, पण पूर्वीसारखा भरला नाही. आचारी जळगावला गेला होता, भरीत बंद झालं होतं. महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम सुरू झालं, समोरची बाजू खणली गेली, पलीकडच्या कॉलनीतून येणाऱ्यांना लांबून वळसा पडू लागला. परवान्याचं शुल्क वर्षाचं आगाऊ भरावं लागतं, गल्ला भरो न भरो. जिभाऊंनी एक वर्ष खेचलं, दुसरं खेचलं. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली. राज्यातली हॉटेलं आणि बार ऑक्टोबरमध्ये अर्ध्या क्षमतेने उघडले, तेव्हा जिभाऊंनी परवान्याचं पुढचं शुल्क भरायचं नाही असं ठरवून टाकलं होतं. मुलाने बांधकाम साहित्याचा धंदा घेतला आणि हॉल त्यात गेला. हे सगळं फार वेगळं नाही, अनेक छोट्या बारचं असंच झालं.

बायकांचं म्हणणं

इथे थांबून बोलायला हवं, कारण बारच्या आठवणी काढणारे सगळे पुरुष असतात आणि त्या आठवणींत फक्त कूलर आणि शेवभाजी असते.

मागच्या गल्लीतल्या एका मावशींचे यजमान लिव्हरने गेले. आप्पाच्या बारमध्येच त्यांनी आयुष्यभर प्यायली. मावशी म्हणाल्या, "त्यो बंद झाला ते बरंच झालं. उशिरा झाला एवढंच." पगाराच्या दिवशी त्या मोठ्या मुलाला बारच्या दाराशी उभं करत. आप्पा त्या मुलाला बाहेर बसवून बिस्किटचा पुडा देई आणि आत जाऊन सांगे, "भाऊ, पोरगा आलाय. बस व्हयनं आते." कधी ऐकत, कधी नाही. एकदा मावशी स्वतः गेल्या, उधारी चुकती केली आणि यापुढे उधार देऊ नका म्हणाल्या. आप्पाने त्यांच्या देखत वहीत नावावर रेघ मारली. त्यानंतर यजमान रोख देऊन पिऊ लागले.

म्हणजे आप्पाच्या नजरेलाही मर्यादा होती, आणि ती मोठी होती. शेवटी त्याचा पगार विक्रीतून निघे. ज्याला पिऊन मरायचंच होतं त्याला तो थांबवू शकला नाही. वस्तीत एकदा आडव्या बाटलीची चर्चाही झाली होती. 25 टक्के मतदारांच्या किंवा बायकांच्या सह्या जमल्या तर गुप्त मतदान घेता येतं आणि निम्म्यांहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद होतं. सह्या गोळा करायला मावशीच पुढे होत्या. सह्या पुरेशा जमल्या नाहीत. का, असं विचारल्यावर मावशींनी जे सांगितलं ते मी तसंच लिहितो. "अर्ध्या बाया म्हणाल्या, हितं हाये तर निदान कुठं शोधायचं ते माहीत हाये."

त्या अर्ध्या बायकांचं नंतर खरं ठरलं, असं माझं मत आहे. मावशींचं दुःख त्यामुळे खोटं ठरत नाही. दोन्ही एकाच गल्लीत राहतं.

आत्ता

जुन्या गिऱ्हाइकांपैकी बरेच जण गेले. हेडक्लार्क कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्यांच्या तेराव्याला, इतर काही जमत नव्हतं अशा काळात, गोदामाच्या पायरीवर आठ-दहा जण अंतर ठेवून बसले होते आणि नव्या पोरांना आता अर्ज कोण तपासून देणार याचीच चर्चा होती. जिभाऊंनी उरलेली उधारी कुणाकडे मागितली नाही. काहींनी टाइल्सच्या काउंटरवर येऊन आपणहून दिली आणि मुलाने त्या-त्या नावावर रेघ मारली. आप्पा जळगावला एका लॉजवर रात्रपाळीला असतो.

वस्तीने बार परत मागितलेला नाही. मागू नये असं मलाही वाटतं. पण त्या हॉलमध्ये दारूखेरीज जे चालायचं, ते कुठे चालणार हा प्रश्न खराच आहे. सकाळी मंदिरात भजनी मंडळ आहे, ज्येष्ठांसाठी ओपन जिमची दोन यंत्रं आली आहेत. संध्याकाळी सात ते दहा मात्र, नोकरीवरून आलेल्या किंवा नोकरी संपलेल्या पुरुषाला घर सोडून बसायला एक छप्पर नाही, आणि दहाला उठवून घरी पाठवणारं कुणी नाही.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत आम्ही दोन मागण्या केल्या. खुल्या भूखंडावर दिवे, आणि त्याच भूखंडाच्या कोपऱ्यात पंखा, बाकं आणि कपाट असलेली एक खोली, रात्री दहापर्यंत उघडी. दिवे लागले आणि बाभळीआडची बैठक नाल्याकडे सरकली. खोलीवर सरपंचांनी विचारलं की किल्ली कोणाकडे ठेवायची, कारण समाजमंदिराची किल्ली ज्यांच्याकडे दिली त्यांनी तिथे ट्रॅक्टर लावला होता. प्रश्न बरोबर होता. कूलरजवळच्या टेबलावरच्या एका निवृत्त गार्डांनी हात वर केला. रोज संध्याकाळी येईन, वही ठेवीन, पोरांचे अर्जही बघेन, म्हणाले. मावशींनी त्यांच्या नावाला अनुमोदन दिलं आणि एक अट घातली, की खोलीला मागच्या गल्लीत उघडणारी खिडकी असावी. ठराव अटीसकट लिहून घेतला आहे. खर्च वित्त आयोगाच्या निधीतून की आमदार निधीतून, हे अजून ठरायचं आहे.